पबमधल्या खेळावर पोट भरतं का?

प्रश्न : मुलगा शिकायला लंडनला आहे. रात्र रात्र डार्ट्सचे, म्हणजे गोल फळीवर छोटे बाण मारायच्या पबमधल्या खेळाचे, सामने बघतो. म्हणतो, यातले लोक कोट्यधीश आहेत. खरं का? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, खरं आहे. फिल टेलरचंच घ्या. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा हा गडी कारखान्यात टॉयलेट रोल होल्डरचे चिनी मातीचे भाग बनवायचा. पाच वेळच्या जगज्जेत्या एरिक ब्रिस्टोनं त्याला पैसे उसने देऊन सरावाला लावलं. १९९०च्या जागतिक अंतिम सामन्यात टेलरनं त्याच ब्रिस्टोला ६-१नं लोळवलं. गुरूची विद्या गुरूला! पुढे एकूण १६ जगज्जेतेपदं.

मला मात्र यातला हिशोब जास्त आवडतो. बाणांचे गुण वजा करत ५०१ वरून बरोबर शून्यावर यायचं आणि शेवटचा बाण ‘डबल’च्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या चिंचोळ्या पट्टीत किंवा फळीच्या अगदी मधोमध हवा. म्हणून पुष्कळ जण ३२ उरवायला बघतात. डबल १६ हुकून बाण साध्या १६त गेला तरी उरतात १६, म्हणजे डबल ८. तिथंही तसंच झालं तर डबल ४. सोपं वाटतं, पण हजारो लोक आरडाओरडा करत असताना हे डोक्यात चालवायचं.

ल्यूक लिटलर जानेवारी २०२५मध्ये १७व्या वर्षीच जगज्जेता झाला, ५ लाख पौंड मिळाले. ते उदाहरण मुलगा देईलच. तेव्हा त्याला सांगा, टेलर पहिल्यांदा जिंकला तो २९व्या वर्षी. तोवर पदवी सहज होते.