प्रत्येक ॲलर्जी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ॲलर्जीविषयीचे प्रश्न पाठवा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बहुतेक पत्रांना तपासणीचा अहवाल जोडलेला आहे. त्रास कधी होतो, कुठे होतो आणि काय केल्यावर वाढतो, हे मात्र दोन ओळींत आटोपलेले आहे. निदानासाठी या दोन ओळीच अधिक मोलाच्या असतात, आणि त्या अपुऱ्या राहिल्या की चांगल्या प्रयोगशाळेचा अहवालही दिशाभूल करतो. म्हणून उत्तरे देताना मी अहवालापेक्षा हकिगतीवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न: माझ्या पत्नीचे वय ५४ आहे. वर्षभरापासून तिला कोरडा खोकला आहे आणि आता भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चालताना धाप लागते. आधी दम्याचा पंप दिला, नंतर क्षयरोगाच्या शंकेने थुंकी तपासली, त्यात काही निघाले नाही. रक्तातील आयजीई नॉर्मल असल्याने ॲलर्जी नाही, असे सांगण्यात आले. आता सीटी स्कॅन पाहून छातीच्या डॉक्टरांनी घराजवळ कबुतरे आहेत का, असे विचारले. आम्ही पक्षी पाळलेले नाहीत, पण स्वयंपाकघरामागच्या डक्टमध्ये कबुतरे असतात. एवढ्याने फुप्फुसे बिघडतात का? (एक वाचक, वाशी)

उत्तर: होय, बिघडू शकतात, आणि डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांवरच्या भुकटीतील प्रथिने श्वासावाटे फुप्फुसाच्या अगदी खोल भागात पोहोचतात, आणि काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर वारंवार तुटून पडते. शिंका, गांधी किंवा दमा यांमागे आयजीई नावाची प्रतिपिंडे असतात. येथे त्यांचा संबंध नसतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी आणि आयजीजी नावाची वेगळी प्रतिपिंडे यांच्या मार्गाने ही सूज येते. त्यामुळे आयजीई नॉर्मल येणे आणि त्वचेवरची चाचणी कोरी जाणे, या दोन्ही गोष्टी या आजारात अपेक्षितच आहेत. त्यावरून ‘ॲलर्जी नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक होते.

हा आजार कबुतरांपुरता नाही. साखर कारखान्यात साठवलेल्या बुरशी लागलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची धूळ, दमट गवतातील जिवाणू, कूलरच्या न बदललेल्या पाण्यावरची बुरशी, पिसांच्या उशा यांमुळेही तो होतो. भारतातील २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या जाळीदार आजाराच्या (हवेच्या पिशव्यांभोवतीच्या ऊतींना होणाऱ्या आजारांच्या) १,०८४ रुग्णांची नोंद केली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत सर्वाधिक म्हणजे ४७ टक्क्यांहून अधिक रुग्ण याच आजाराचे निघाले, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत हे प्रमाण पुष्कळ कमी असते. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ मानून चालणार नाही, असे मी म्हणतो ते यामुळेच.

आता आपल्या घराकडे वळू. डक्टच्या बाजूची खिडकी उघडून ग्रिलवरून बोट फिरवून पाहा. बोटाला लागणारी करडी-पांढरी, पिठासारखी धूळ म्हणजे वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी यांचे मिश्रण असते. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे घरटे असेल, आणि तेथेच दोरीवर कपडे वाळत असतील, तर हीच भुकटी कपड्यांबरोबर घरात येते. एक्झॉस्ट पंखा बंद असताना डक्टमधील हवा उलटी आत येते, हेही लक्षात घ्यावे. पक्षी पाळलेले नसले तरी संपर्क रोजचा आणि अनेक वर्षांचा असतो, आणि तो रोजचा असल्यामुळेच विचारल्यावाचून कोणी सांगत नाही.

पत्नीला दोन गोष्टी मुद्दाम विचारा. गावी किंवा नातेवाइकांकडे आठ-दहा दिवस राहिल्यावर खोकला कमी होतो का? आणि डक्ट किंवा बाल्कनी झाडल्यावर चार ते आठ तासांनी कणकण, अंगदुखी आणि छातीत जडपणा येतो का? उत्तर ‘हो’ असेल तर निदानाला मोठे बळ मिळते. ‘नाही’ आले तरी आजार नाही असे मानू नये, कारण संथपणे वाढणाऱ्या प्रकारात असे चढउतार जाणवतच नाहीत. सुरुवातीला छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. म्हणून सूक्ष्म छेदांचा सीटी स्कॅन करावा लागतो, आणि तो श्वास पूर्ण सोडलेल्या अवस्थेतही काढावा, म्हणजे हवा अडकून राहिलेले भाग उठून दिसतात. कबुतरांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे रक्तात सापडली तर संपर्क झाला एवढेच सिद्ध होते. धडधाकट माणसांतही ती असू शकतात. गरज वाटल्यास दुर्बिणीद्वारे फुप्फुस धुऊन त्या पाण्यातील लिम्फोसाइटचे प्रमाण पाहतात.

२०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या आजाराची विभागणी व्रण पडलेला (म्हणजे फुप्फुसाची ऊती कायमची कडक झालेला) आणि व्रण न पडलेला अशी केली आहे. व्रण पडलेले नसताना संपर्क पूर्ण तुटला तर फुप्फुसे बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकतात, आणि काही काळ स्टिरॉइडचा उपयोग होतो. व्रण पडल्यावर मात्र गेलेली क्षमता परत येत नाही. तेथे आणखी हानी रोखणे हेच उद्दिष्ट राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६६३ रुग्णांच्या एका चाचणीत निंटेडानिब या औषधाने व्रण वाढत जाणाऱ्या फुप्फुस-आजारांत श्वासक्षमता घटण्याचा वेग निम्म्याहून कमी केला. वर्षाला सरासरी १८८ मिलिलिटरची घट ८१ मिलिलिटरवर आली. या रुग्णांतील सुमारे एक चतुर्थांश जण याच आजाराचे होते. औषध उपयोगी आहे, पण ते घट थांबवत नाही, फक्त तिचा वेग कमी करते. घरातील भुकटी तशीच ठेवून गोळ्या घेत राहणे मला अजिबात मान्य नाही.

डक्टला तळापासून गच्चीपर्यंत जाळी बसवावी, आणि हे काम एका फ्लॅटने करून भागत नाही, सोसायटीने ठराव करून करावे. विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी मारून पूर्ण ओली करून मगच काढावी, काढणाऱ्याने एन ९५ मास्क लावावा, आणि आपल्या पत्नीने त्या दिवशी घरात थांबू नये. पक्षी गेल्यानंतरही ही प्रथिने घरात कित्येक महिने टिकतात, म्हणून पडदे, गाद्या आणि एसीचे फिल्टर यांचीही सफाई हवी. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा भूतदया विरुद्ध आरोग्य अशी मांडणी पुष्कळांनी केली. दाणे टाकणाऱ्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण ऑक्सिजनचे यंत्र शेजारी ठेवून झोपणारे रुग्ण मी पाहतो, आणि वस्तीच्या मधोमध दाणे टाकणे थांबलेच पाहिजे, हे माझे मत ठाम आहे.

प्रश्न: मला रोज सकाळी शिंका येतात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडून ‘ॲलर्जी प्रोफाइल’ करून घेतले, त्यात वांगे, तूरडाळ, दूध, गहू आणि कोळंबी पॉझिटिव्ह आले. तीन महिने हे सर्व बंद आहे. वजन उतरले, शिंका मात्र तशाच आहेत. (एक वाचक, खारघर)

उत्तर: जे पदार्थ आपण पूर्वी विनातक्रार खात होता ते पुन्हा सुरू करावेत. एखादा पदार्थ खाल्ल्यावर पूर्वी कधी गांधी, ओठांना सूज, उलट्या किंवा धाप असा त्रास झाला असेल, तर तेवढा एक पदार्थ डॉक्टरांना भेटेपर्यंत वगळावा. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडणे आणि त्या पदार्थाची ॲलर्जी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बंगळूरु आणि म्हैसूरमधील प्रौढांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतील २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध अशी प्रतिपिंडे होती, पण प्रत्यक्ष अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्के लोकांत आढळली. कोणतीही शंका नसताना शंभर पदार्थांची यादी तपासली की असे निरर्थक पॉझिटिव्ह हमखास निघतात. काही पॅकेजांत आयजीईऐवजी आयजीजी मोजतात. ते तर तो पदार्थ आपण खाता एवढेच सांगते.

सकाळच्या शिंकांमागे आपल्या दमट हवेत बहुधा अंथरुणातील धुळीचे किडे असतात. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकातील स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित वापरावा. तरीही त्रास राहिला तर त्वचेवरील चाचणी करून किड्यांविरुद्धची इम्युनोथेरपी, म्हणजे त्याच घटकाच्या ठरावीक मात्रा देऊन शरीराला त्याची सवय लावण्याचा उपचार, घेता येते. ती किमान तीन वर्षे चालते, हे आधीच ठरवून सुरू करावी.

प्रश्न: नातू सहा महिन्यांचा आहे, गालांवर आणि कोपरांत इसब आहे. अमेरिकेतील मुलगी म्हणते, आताच शेंगदाणा द्या. येथे सर्व जण सांगतात, तीन वर्षांपर्यंत देऊ नका. कोणाचे ऐकावे? (एक आजी, ऐरोली)

उत्तर: आजी, मुलीचे म्हणणे बरोबर आहे, मात्र एक पायरी आधी घ्यावी लागेल. तीन वर्षे थांबा, हा सल्ला एके काळी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २००० साली दिला होता आणि पुरावा नसल्याने २००८ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने दाखवून दिले की ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधील ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट अधिक आहे. इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ फार लवकर देतात. मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे निवडून काहींना शेंगदाणा नियमित दिला आणि काहींना पूर्ण वर्ज्य केला. सुरुवातीची त्वचा-चाचणी कोरी असलेल्या बाळांपैकी, पाचव्या वर्षी वर्ज्य गटातील १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झालेली होती, खाणाऱ्या गटात फक्त १.९ टक्के. हे निष्कर्ष २०१५ चे आहेत, आणि हे संरक्षण किशोरवयापर्यंत टिकते, हे २०२४ मध्ये स्पष्ट झाले.

यामागचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. अन्न तोंडावाटे पोटात गेले तर शरीर ते आपले मानायला शिकते. तेच इसबाने फाटलेल्या त्वचेतून आत शिरले तर शरीर त्याला शत्रू ठरवते. आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचे कूट रोजचे असते आणि तेच हात बाळाच्या गालांना लागतात. इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा तेलाने मालीश करू नये, आणि इसबावर मलम लावण्यात हयगय करू नये.

इसब सौम्य असेल तर बाळ इतर मऊ अन्न घेऊ लागल्यावर घरी सुरुवात करता येईल. ते तीव्र असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. भाजलेल्या दाण्यांचे अगदी बारीक कूट पेजेत पातळ कालवून प्रथम चमच्याच्या टोकावर द्यावे, थोडा वेळ पाहावे, मग उरलेले द्यावे. सोसले तर आठवड्यातून तीनदा, साधारण दोन चहाचे चमचे कूट एका वेळी, असे चालू ठेवावे. मध्येच सोडू नये. अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत मुळीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो.

प्रश्न: लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ आले होते, तेव्हापासून फाइलवर लाल शाईने तसे लिहिलेले आहे. वय ५८. हा शिक्का जन्मभराचा का? (एक वाचक, कळवा)

उत्तर: बहुधा नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्या रुग्णांची नीट तपासणी केली तर दहांपैकी नऊंहून अधिक जणांना ती नसते. काहींचे पुरळ मुळात विषाणूचे असते, आणि खरी ॲलर्जीही वर्षांबरोबर ओसरते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी धोक्याच्या प्रौढांना त्वचा-चाचणी न करता थेट तोंडावाटे पेनिसिलिन दिले गेले. १८७ पैकी एकालाच प्रतिक्रिया आली. हे रुग्णालयातच, देखरेखीखाली करावे, घरी कधीही नाही. त्या वेळी कातडी सोलली गेली असेल, तोंडात फोड आले असतील किंवा यकृत-मूत्रपिंडाला इजा झाली असेल, तर ही चाचणी मुळीच करायची नाही.

प्रश्न: मुलाला कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजून धाप लागली होती. घरात ॲलर्जीची गोळी ठेवली आहे. पुरेशी आहे का? (एक आई, ठाणे पश्चिम)

उत्तर: नाही. गोळीने खाज आणि गांधी कमी होतात. घसरणारा रक्तदाब आणि आवळलेली श्वासनलिका तिच्याने सुधारत नाही. तेथे ॲड्रेनालिन हेच पहिले औषध, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मिलिग्रॅम, आणि मुलांत एका वेळी ०.३ मिलिग्रॅमपर्यंत. त्याचा नाकातील फवारा अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला. आपल्याकडे औषध भरलेले तयार इंजेक्शन-पेनही सहजासहजी मिळत नाही, म्हणून डॉक्टरांकडून अँप्यूल (औषधाची काचेची कुपी), सिरिंज आणि वजनानुसार मात्रा लिहिलेली चिठ्ठी घ्यावी, आणि ते भरून टोचण्याचा सराव त्यांच्यासमोरच करावा. शाळेलाही एक संच आणि लेखी सूचना द्यावी. त्रास सुरू झाला की इंजेक्शन आधी द्यावे, १०८ ला फोन नंतर. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर टेकून बसवावे, पण एकदम उभे करू नये. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा द्यावी. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली ठेवावे, कारण तीच प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळू शकते.