विंडोज ११ होम आहे, काम करताना मधेच रीस्टार्ट होतं. अपडेट कायमचं बंद कसं करू?

कायमचं बंद करूच नका. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. विंडोज ती सर्व्हिस पुन्हा स्वतःच चालू करतं, आणि करतं तेच बरं.

आमच्या भाऊजींचं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. तेव्हा तिथे सगळीकडे विंडोज ७ होतं आणि प्रत्येक पीसीवर ‘नेव्हर चेक फॉर अपडेट्स’ करून ठेवलेलं. कामात खोळंबा नको, एवढंच कारण. मी किती वेळा म्हटलं, भाऊजी, निदान सिक्युरिटीची अपडेट्स तरी येऊ द्या. ‘तुझं डीटीपीचं दुकान, तुला वेळ असतो,’ हे ठरलेलं उत्तर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. ऐन टीडीएस रिटर्नच्या घाईत एका पीसीवर लाल खिडकी उघडली, ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा म्हणून, आणि लॅनवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरून, ती बाकीच्या पीसींवरही पोचली. क्लायंटच्या एक्सेल फायली, स्कॅन केलेले कागद, सगळं लॉक. कर्मचारी रात्री जागून छापील कागदांवरून आकडे पुन्हा भरत होते. ज्या वाटेने तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, तेही फुकट. माझ्या दुकानातही विंडोज ७च होतं, पण अपडेट केलेलं. एकही फाइल गेली नाही. भाऊजी आजही म्हणतात, नशीब खराब होतं. नशिबाचा काय संबंध? अपडेट असतं तर तो शिरलाच नसता.

तुमच्याकडे होम आहे, म्हणजे ग्रुप पॉलिसी एडिटर, अपडेटवर जास्त ताबा देणारं टूल, मिळणार नाही. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ॲक्टिव्ह अवर्स लावा, १८ तासांपर्यंत लावता येतात. तेवढ्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. मोठं काम हातात असेल तर ५ आठवड्यांपर्यंत पॉज करता येतं. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर कनेक्शन मीटर्ड (मोजका डेटा असलेलं) करून टाका, म्हणजे बहुतेक अपडेट्स आपोआप डाउनलोड होत नाहीत. दर महिन्याची अपडेट्स दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. मी शनिवारपर्यंत थांबतो आणि दुकान बंद करायच्या आधी हाताने चालवतो.

थांबतो, कारण ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली उडवल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावं लागलं. एवढ्यापुरतं भाऊजींचं खरं. पण त्यावर इलाज बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेणं हा आहे, आणि तो त्यांनी अजूनही सुरू केलेला नाही.