वाचनालयाचा बालविभाग नव्याने केला, तर मुले खरोखर येतात का?

आपण विचारले आहे की, आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाचे नूतनीकरण करण्याचा विषय कार्यकारी मंडळापुढे आहे, परंतु मोबाइलच्या काळात मुले तिकडे फिरकतील का, आणि गावाला त्याचे काही अप्रूप वाटेल का, याबाबत सदस्यांत एकमत होत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे, त्याआधी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच काम पार पाडले. त्या अनुभवावरून सांगते की मुले येतात, आणि गाव ती खोली आपली मानू लागते. मात्र ती कशामुळे येतात हे काम सुरू करताना आम्हाला उमगलेले नव्हते. आमच्या सगळ्या बैठका रंग, पंखे आणि फरशी यांवर खर्च झाल्या, आणि मुलांना ज्याचा सर्वांत जास्त आनंद झाला ती गोष्ट अगदी साधी होती: कपाटांची कुलपे निघाली.

आमचा जुना बालविभाग म्हणजे जिन्यामागची एक लांबट, अंधारी खोली होती. भिंतीला लागून लोखंडी कपाटे उभी होती आणि प्रत्येकाला कुलूप होते. मुलाने यायचे, टेबलावरची यादीची वही चाळायची, पुस्तकाचे नाव आणि दाखल क्रमांक सांगायचा, मग ग्रंथपालबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठायच्या आणि ते पुस्तक काढून द्यायच्या. ज्या मुलाला पुस्तकाचे नाव ठाऊक नाही, किंवा ज्याला अजून धड वाचता येत नाही, त्याने काय मागायचे? ते मूल दारातूनच परत जाई, आणि आम्ही मंडळी वार्षिक सभेत ‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ असे म्हणत असू. हे वाक्य मीही अनेकदा म्हटले आहे, आणि आज त्याचे वाईट वाटते.

कुलपांचा विचार आमच्या डोक्यात आला तो भिलारला जाऊन आल्यावर. सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळचे हे स्ट्रॉबेरीचे गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथे लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तके उघडी मांडलेली असतात आणि कोणीही वाटेल ते पुस्तक उचलून तेथेच बसून वाचू शकतो. परतीच्या प्रवासात आमच्या ग्रंथपालबाई बराच वेळ गप्प होत्या, आणि मग त्यांनी रंगनाथनांचा विषय काढला. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील पहिलाच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा आहे, आणि तो समजावताना ते युरोपातील जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत असत त्या काळापासून सुरुवात करतात. बाई म्हणाल्या, ‘हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि रोज कमरेला किल्ल्या लावून हिंडत होते.’ पुढच्या सभेत त्यांनीच मुक्तप्रवेश पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः फडताळातून पुस्तक काढून पाहण्याचा, ठराव मांडला.

खोली आम्ही जिन्यामागून काढून दर्शनी बाजूला आणली, जेथे पूर्वी वर्तमानपत्रांचा विभाग होता. वाचनालयाच्या मागच्या पडवीचे छप्पर काही वर्षांपूर्वी उतरवले होते आणि त्याचे सागवानी वासे व तुळया मागील दारी झाकून ठेवलेल्या होत्या. गावातल्या एका वृद्ध सुतारकाकांनी त्यांतूनच फडताळे केली. त्यांच्या हाताखाली आता मुलगा काम करतो, पण हे काम त्यांनी स्वतः हातात घेतले, आणि माप घेण्यासाठी ते आपल्या पाच वर्षांच्या नातीला बरोबर घेऊन आले. तिला भिंतीशी उभे करून हात वर करायला सांगितले आणि बोटे पोहोचली तेथे पेन्सिलीने खूण केली. सर्वांत वरचा कप्पा त्या खुणेच्या वर गेला नाही. चित्रांची पुस्तके कणा दिसेल अशी उभी न लावता मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवण्यासाठी त्यांनी पुढे अरुंद पट्टी असलेल्या तिरप्या फळ्या केल्या. अशा मांडणीत पुस्तके कमी मावतात, म्हणून काही सदस्यांचा विरोध होता. माझे मत आजही असे आहे की वाचता न येणाऱ्या मुलासाठी पुस्तकाचा कणा म्हणजे बंद दारच असते. जांभ्याच्या भिंती जाड असल्याने खिडक्यांना खोल कट्टे होते. तेथे नुसत्या गाद्या घातल्या, आणि आज त्या दोन कट्ट्यांवरून मुलांत पाळ्या लागतात. भिंतींवर टीव्हीतली पात्रे रंगवावीत अशी एक सूचना होती. ती आम्ही घेतली नाही, आणि ते बरेच झाले, कारण पांढऱ्या भिंतीपुढे पुस्तकांचेच रंग उठून दिसतात.

उद्घाटनासाठी 12 ऑगस्ट हा रंगनाथनांचा जन्मदिवस, म्हणजे ग्रंथपाल दिन, निवडला आणि बाहेरचा पाहुणा बोलावला नाही. भर पावसाचा दिवस होता, तरी व्हरांड्यात छत्र्या ठेवायला जागा उरली नाही. ग्रंथपालबाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलाच्या खणात ठेवला आणि मुलांना आत सोडले. सुरुवातीला कोणीच कशाला हात लावेना. मुले रांगेत उभी राहून आमच्याकडे पाहत होती. शेवटी सहा-सात वर्षांची एक मुलगी खालच्या कप्प्यासमोर उकिडवी बसली, तिने एक पुस्तक ओढले, चार पाने उलटली, ते उलटे करून परत ठेवले आणि दुसरे काढले. बाईंचा हात सवयीने ते सरळ करायला पुढे झाला आणि मध्येच थांबला. त्यानंतर पाच मिनिटांत फडताळे निम्मी रिकामी झाली होती आणि सतरंजीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती.

आपला खरा प्रश्न आहे तो यानंतरच्या दिवसांचा, कारण उद्घाटनाला गर्दी कोठेही होते. आमच्याकडे आसपासच्या वाड्यांतील मुले शिकायला येतात. शाळा पाच वाजता सुटते आणि त्यांच्या वाडीकडे जाणारी वस्तीची एसटी साडेसहाला लागते. पूर्वी हा दीड तास ती मुले स्थानकावर बाकड्यांवर, नाहीतर कोणाच्या तरी मोबाइलभोवती घोळका करून काढत. आम्ही बालविभागाची वेळ चार ते सात केली, आणि कोणीही आमंत्रण न देता ही मुले येऊ लागली. दप्तरे व्हरांड्यात, चपला पायरीखाली, आणि मुले आत. गाडी लागल्याचे कळावे म्हणून त्यांनी आपापसांत ठरवून एकाला खिडकीत बसवायला सुरुवात केली, आणि आता वाहकच गाडी सुटण्यापूर्वी वाचनालयाच्या फाटकाशी येऊन हाक मारतो. मोबाइलशी स्पर्धा करावी लागेल ही आमची भीती होती. परंतु या मुलांना त्या दीड तासात बसायला स्वच्छ, उजेडाची, कोणी हटकणार नाही अशी जागाच नव्हती, हे आम्हा गावकऱ्यांच्या ध्यानातही आलेले नव्हते. आपल्या गावात अशी मुले कोठे थांबतात, हे आधी शोधून काढा आणि वेळ त्यावरून ठरवा, असे मी आग्रहाने सुचवीन.

मोठ्यांचा आनंद मला अनपेक्षित होता. वर्तमानपत्रांची टेबले आम्ही व्हरांड्यात हलवली, तेव्हा रोजचे वाचक नाराज झाले होते आणि मुलांच्या गलक्याबद्दल तक्रारही आली होती. ‘शांतता राखा’ ही पाटी बालविभागापुरती काढली आहे, हे त्यांना पटायला काही महिने लागले. आता त्यांच्यापैकीच दोघे निवृत्त गृहस्थ रविवारी सकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. बाजारात मासळी विकणाऱ्या एक आजी टोपली रिकामी झाली की नातवाला न्यायला येतात. त्यांना अक्षरओळख नाही. पहिल्यांदा त्या दारातच उभ्या होत्या, ‘माझे हात मासळीचे आहेत’ म्हणून आत येईनात. नातू पुस्तक घेऊन बाहेर आला आणि पायरीवर बसून त्यांना वाचून दाखवू लागला. आता त्या नळावर हात धुतात आणि सरळ आत येऊन बसतात. गणपतीला आलेल्या मुंबईच्या चाकरमान्यांनीही खोली पाहिली, आणि शिमग्याला येताना पुस्तकांचे गठ्ठे आणले. देणगीची सगळीच पुस्तके मुलांना देण्यासारखी नसतात, तेव्हा नम्रपणे निवड करण्याचा अधिकार ग्रंथपालांकडे ठेवावा.

पैशाविषयी थोडक्यात. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वर्गवारीप्रमाणे मिळणारे अनुदान रोजच्या खर्चाला पुरताना ओढाताण होते, हे आपण जाणताच. 1972 मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांत बालविभागासाठी साहाय्याची तरतूद आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे त्याची चौकशी करावी. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तके परवडणारी असतात. ‘किशोर’ मासिक बालभारती 1971 पासून काढत आहे. आमच्याकडच्या त्याच्या बांधीव खंडांभोवती मुलांपेक्षा पालकच अधिक दिसतात. जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, त्यामुळे तुटलेले संच भरून काढता येतात. मुलांकडून वर्गणी आणि अनामत घेणे आम्ही बंद केले आणि ती तूट आजीव सभासदांनी उचलली.

कोकणातील दमट हवेत उघड्या फडताळांना एक वेगळी काळजी घ्यावी लागते, हेही सांगितले पाहिजे. पहिल्याच पावसात भिंतीकडच्या पुस्तकांना बुरशी धरली. तेव्हापासून फडताळे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली आहेत आणि आषाढ-श्रावणात आठवड्यातून एकदा मुलेच सगळी पुस्तके काढून कोरड्या फडक्याने पुसतात. रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकांना कसर फारशी लागत नाही, असे बाईंचे निरीक्षण आहे.

राहिला पुस्तके हरवण्याचा प्रश्न, जो आपल्या सदस्यांनाही नक्की पडला असेल, कारण आमच्या सभेत सर्वांत जास्त चर्चा त्यावरच झाली होती. फाटली बरीच, आणि ती आम्ही रविवारी मुलांबरोबर बसून चिकटवतो. हरवली मात्र फारच थोडी. एकदा पडताळणीत माकडाच्या गोष्टीचे एक पुस्तक सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीची गाडी परत आली तेव्हा वाहक ते घेऊन फाटकाशी उभा होता. मागच्या बाकाखाली पडले होते, असे म्हणाला, आणि मग, रात्री मुक्कामाला असताना आपण ते वाचून काढले, तर याच्यासारखे आणखी एखादे नेता येईल का, असे त्याने बाईंना विचारले. त्याचे नाव त्याच दिवशी सभासदांच्या नोंदवहीत लिहिले.