एकोणचाळीसच्या घरावर

दुसरीत शिकणाऱ्या एका मुलाची आई गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली, ती त्याच्या गणिताच्या वह्या पिशवीत भरूनच. "मॅडम, पंचवीस सांगितले की हा बावन्न लिहितो आणि एकोणचाळीस सांगितले की एकोणपन्नास. मी रोज तासभर उजळणी घेते. ह्याला डिस्कॅल्क्युलिया तर नाही ना?" डिस्कॅल्क्युलिया म्हणजे संख्या आणि आकडेमोड समजण्यातली विशिष्ट अध्ययन-अडचण. हा प्रश्न विचारणारे पालक मला वरचेवर भेटतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळून हा अनुभव लिहीत आहे.

मी त्या मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवला. त्याने चौतीस चिंचोके न चुकता मोजले, दोन ढिगांपैकी मोठा कोणता हे अचूक सांगितले आणि मी सुचवल्यावर दहा-दहाचे गट करून उरलेले चार वेगळे ठेवले. म्हणजे संख्येची जाण त्याच्याकडे होती. सैल होता तो तोंडी नाव आणि लिहिलेले अंक यांच्यातला सांधा. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, तर लिहिताना दोन आधी येतो. 'एकोणचाळीस'मध्ये तर कानावर चाळीस पडते आणि लिहायचे असतात तीस आणि नऊ. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला हे अनेकांना आठवत असेल. त्या पद्धतीबद्दल मत काहीही असो, तिच्यामागची मुलांची अडचण मात्र अगदी खरी आहे, आणि या मुलाच्या वहीत ती पानोपानी दिसत होती.

चिंचोक्यांचा लहान-मोठा ढीग ओळखणेही त्याला जड गेले असते आणि नियमित सरावानंतरही ते तसेच राहिले असते, तर मी त्याला तज्ज्ञांकडे तपासणीसाठी नक्की पाठवले असते. येथे मात्र सात वर्षांच्या मुलाला घाईने शिक्का मारण्याचे काही कारण नव्हते.

मी आईला उजळणीचा तास बंद करून रात्री जेवणानंतर सापशिडीचा एक डाव खेळायला सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "आधीच मागे पडलाय, त्यात खेळत बसला तर अभ्यास कधी करणार?" ही काळजी मला समजते, परंतु सापशिडीतून गणित शिकायचे तर एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. सोंगटी तेविसावर असताना चार पडले, तर बहुतेक मुले 'एक, दोन, तीन, चार' म्हणत पुढे जातात. त्याऐवजी 'चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस' असे त्या-त्या घरातला आकडा मोठ्याने म्हणत जायचे. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर या अमेरिकी संशोधकांनी 2014 मध्ये शंभर घरांच्या पटावर हेच तपासले होते, आणि घरातले आकडे म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांची संख्यांची समज एकपासून मोजणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली. नाव कानावर पडते, त्याच क्षणी अंक बोटाखाली असतो; वहीतल्या उजळणीत हे दोन्ही असे एकत्र येतीलच याची खात्री नसते. त्याच्या जोडीला पत्त्यांतले एक्का ते नव्वी एवढेच घेऊन बेरीज दहा होईल अशी जोडी लावायचा एक छोटा खेळही दिला.

पंधरा दिवसांनी आई आली ती हिरमुसूनच. मुलगा पट उघडू देत नव्हता. खोदून विचारल्यावर कळले, की वडील दर फाशाला "पटकन सांग, किती झाले? आता शिडी चढलास तर किती वाढले?" असे विचारत होते. म्हणजे खेळाच्या पटावर परीक्षाच मांडली गेली होती, आणि हे मुलांना मोठ्यांच्या आधी कळते. मी वडिलांना बोलावून घेतले आणि विनंती केली की प्रश्न एकही विचारू नका, फक्त स्वतःच्या पाळीला घरे मोठ्याने मोजा आणि अधूनमधून मुद्दाम चुका. त्यांना ते अवघड गेले; चुकीचे बोलले तर मूल चुकीचेच शिकेल अशी त्यांची भीती होती. पण मुलाला त्या घरात गणितात इतरांची चूक काढण्याची संधी एकदाही मिळाली नव्हती, आणि मला ती त्याला द्यायची होती.

दीड महिन्यानंतर तो माझ्यासमोर पटावर बसला. माझी सोंगटी अडतिसावर होती आणि फाशावर एक पडले. मी "एकोणचाळीस" म्हणत सोंगटी एकोणपन्नासावर नेऊन ठेवली. त्याने माझे मनगट धरले. "मॅडम, चाळीसला एक कमी म्हणजे एकोणचाळीस. ते चाळीसच्या शेजारी असते," असे म्हणून त्याने सोंगटी उचलली, खालच्या ओळीत आणून बरोबर घरावर ठेवली आणि फासा स्वतःच्या हातात घेतला.