मला फक्त पायथन येतं. स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या डॉक्युमेंटेशन जनरेटरमधले बदल रिव्ह्यू कसे करू?

अंधेरीच्या ऑफिसात स्कीम येणारं कुणी उरलं नाही म्हणून हे काम तुमच्या गळ्यात पडलं, आणि कंस बघूनच गरगरतं, असं लिहिलंय तुम्ही. कंस मोजू नका, ते एडिटरचं काम. पवईत आमच्याकडेही असाच एक जनरेटर आहे, सोर्समधल्या कॉमेंट वाचून एचटीएमएल काढणारा. त्याचा पॅच, म्हणजे कुणी सुचवलेला बदल, आला की मी कोडच्या आधी आउटपुट बघतो.

जुन्या ब्रँचवर सगळं बिल्ड करा, नव्या ब्रँचवर पुन्हा करा आणि दोन्ही फोल्डरांचा डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढा. पॅच 'फक्त रिफॅक्टरिंग' (वागणं तेच, मांडणी नवी) म्हणत असेल तर डिफ कोरा यायला हवा. इंडेक्समधली नावं उगाच वरखाली झालेली दिसली, तर कुणीतरी हॅश टेबल (पायथनच्या डिक्शनरीसारखं, पण क्रमाची हमी नसलेलं) सॉर्ट न करता छापलंय.

मग कोड. बाहेरून एक 'लेट' (आतल्या कोडसाठी नावांना किमती देणारी रचना) गुंडाळला की आतलं सगळं उजवीकडे सरकतं आणि दोन ओळींचा बदल पानभर लाल-हिरवा दिसतो. व्हाइटस्पेस वगळून डिफ बघा.

खरी मेख आहे क्रमात. पायथनमध्ये फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटच्या किमती डावीकडून उजवीकडेच काढल्या जातात. स्कीमच्या स्टँडर्डमध्ये, अगदी 2013 च्या आर-सेव्हन-आर-एस या आवृत्तीतही, हा क्रम ठरवून दिलेला नाही. एकाच 'लेट'मध्ये फाइलमधून आधी नाव आणि मग वर्णन वाचलं असेल, तर वर्णन आधी वाचलं जाऊ शकतं. तिथे 'लेट-स्टार' मागा, तो ओळीनेच जातो. लिस्टमधल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणाऱ्या 'मॅप'चंही तेच: आत काउंटर वाढवून प्रकरणांना नंबर दिले असतील, तर पहिल्या प्रकरणाला 1 मिळेलच असं नाही. आज बरोबर चाललं तरी इम्प्लिमेंटेशन बदलल्यावर चालेल याची खात्री कुणी देत नाही. (स्कीमपासून निघालेल्या रॅकेट भाषेवाले वाद घालतील, त्यांच्याकडे क्रम ठरलेला आहे. तुमचा कोड रॅकेटचा नसेल तर ऐकू नका.)

पायथनची सवय आणखी एका जागी नडेल. रिकामी लिस्ट स्कीममध्ये खरी धरली जाते, खोटं फक्त 'फॉल्स'. म्हणून 'उदाहरणं असतील तरच मथळा छाप' अशी अट नुसत्या 'इफ'वर सोडली, की उदाहरण नसलेल्या फंक्शनखालीही 'उदाहरणे' असा मथळा उगवतो. तिथे 'नल', म्हणजे लिस्ट रिकामी आहे का, हे तपासलेलं असावं.

शेवटी, मथळ्यांपासून लिंकचे अँकर (लिंक पानात जिथे पोचते त्या जागेचं नाव) बनवणारा भाग कुणी हलवला असेल, तर एक मथळा 'चर्चगेट' ठेवून चालवून बघा. 'फक्त अल्फाबेटिक कॅरेक्टर ठेवा' असं लिहिलं असेल तर हलंत गळतो आणि 'चरचगेट' होतं. काही इम्प्लिमेंटेशनमध्ये मात्राही जाते. इंग्रजी मथळ्यांवर हे कधीच दिसत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या टेस्ट सगळ्या पास झालेल्या असतात.