धरणं भरली तरी पुण्यात टँकर का? हा हवामान बदलाचा परिणाम आहे का?

तुमचा प्रश्न असा, की खडकवासला धरण भरून वाहतं, तरी शहराच्या कडेला धायरी, उंड्री, वाघोलीकडे टँकर फिरतात. याला हवामान बदल जबाबदार का? काही अंशी आहे. पण मूळ दुखणं आभाळात नाही, पाइपलाइनमध्ये आणि कागदपत्रांत आहे.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा होतो. पाऊस बरा झाला की ‘पुणेकरांची पाणीचिंता मिटली’ ही बातमी ठरलेली. कुठल्या पुणेकरांची, ते कुणी लिहीत नाही. नांदेड, किरकटवाडी ही गावं खडकवासल्याच्या पायथ्याशी. तिथे कित्येक वर्षं विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून नळाला येत होतं. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण याच पट्ट्यात वाढले, तेव्हा कुठे ते सगळ्यांना कळलं. धरण उशाला आणि कोरड घशाला!

२०१७ साली ११ गावं आणि २०२१ साली आणखी २३ गावं महापालिकेत आली. मिळकतकराची बिलं वेळेवर पोचली, जलवाहिन्या मागे राहिल्या. तोवर बांधकामं थांबली नाहीत. ‘महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही देऊ’ असं बिल्डरचं हमीपत्र फाइलला लागलं की काम पुढे सरकतं. बिल्डर ताबा देऊन मोकळा होतो आणि टँकरचा खर्च रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसतो.

मी उंड्रीच्या बाजूला राहतो. आमच्याकडे टँकर आला की वॉचमन वर चढतो, झाकण उघडून पातळी बघतो, मगच पाइप टाकीत सोडू देतो. उन्हाळ्यात भाव चढतात, कमिटीच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा होतो, पण अंघोळ कुणाची चुकत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई शेजारच्या वस्तीत राहतात. त्यांच्या नळाला पाणी दिवसाआड, तेही कधी सकाळी दहाला, कधी भर दुपारी. वरच्या गल्लीत कुणी नळाला टिल्लू मोटर (पाणी ओढणारा छोटा पंप) लावली की खालच्यांच्या नळातून नुसती हवा येते. पाण्याच्या दिवशी त्यांचा खाडा होतो, आणि खाड्याचे पैसे कापणारी घरं आमच्याच सोसायटीत आहेत. पाणी आलंच नाही तर त्या जार आणतात. आता हिशोब बघा. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये २० लिटरचे ५०० जार. जारला दहाच रुपये धरले तरी ५,००० रुपये झाले. इतके आमचा टँकरवाला मे महिन्यातही मागत नाही. म्हणजे लिटरमागे जास्त पैसे ज्याची ऐपत कमी तोच मोजतो.

हवामानाचं म्हणाल, तर पाऊस थोड्या दिवसांत धो-धो पडून जातो. पुण्याखाली काळा कातळ. पाणी मुरायला सावकाश पाऊस लागतो. सरी कोसळल्या की ते ओढ्यातून नदीत निघून जातं. मग बोअर आणखी खोल. ज्या सोसायटीकडे पैसे आहेत ती खोल जाते आणि शेजारच्या जुन्या विहिरी आटतात. पुन्हा तोच पाऊस पुरात कुणाला गाठतो, तेही बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुरात टांगेवाला कॉलनीत माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं. तिथे फ्लॅटवाल्यांचेही हाल झाले, नाही असं नाही. पण ओढ्याकाठच्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला वरचा मजला नसतो. २०१८ साली तर पाऊस नसताना मुठा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळची घरं वाहून गेली. तो कालवा पुढे दौंड-इंदापूरला जातो. शहराची तहान वाढेल तसा तिथल्या आवर्तनाला (शेतीसाठी कालव्यातून सोडायच्या पाण्याला) कात्री लागते आणि बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पंपिंगच्या विहिरीतून) आपलंच सांडपाणी प्रक्रिया करून पाठवलं जातं. शेतकरी त्यावर काय बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वस्ती अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलंय. पुण्याच्या चोवीस तास योजनेचं नावही ‘समान पाणीपुरवठा’ असंच आहे. त्यातल्या पाण्याच्या मीटरला बऱ्याच जणांचा विरोध आहे, मला ते हवेत. कुठल्या पेठेत माणशी किती पाणी जातं आणि उंड्रीत किती, हे एकदा आकड्यांत तरी दिसेल.

आणि या भागात फ्लॅट बघत असाल, तर सोसायटीकडे एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. मेंटेनन्सचा आकडा लगेच सांगतात. ही बिलं दाखवायला मात्र खळखळ करतात.