लेंड्यांत नाही, काळजात बघ

प्रिय पोरी,

तुझा फोन ठेवला आणि मन लागेना. साक्रीकडच्या त्या वाड्यावर धडधाकट मेंढ्या रात्रीतून गेल्या, लेंड्यांत अंडी सापडली नाहीत, म्हणून तू फ्लूकचा, म्हणजे काळजातल्या (यकृतातल्या) चपट्या कृमीचा, विषयच मिटवलास. असं कसं ग? अंडी घालतो तो पित्तनळीत पोचलेला मोठा फ्लूक. त्याआधी कित्येक आठवडे लहान फ्लूक काळीज पोखरत हिंडतो, तेव्हा लेंड्या स्वच्छच दिसणार. काळीज उघड.

खरा घात तिथे होतो. मातीतून पोटात गेलेले क्लॉस्ट्रिडियम नोव्ही या जिवाणूचे बीजाणू चांगल्या काळजातही गुपचूप पडून असतात. फ्लूकच्या वाटेवरचं मांस मेलं, तिथला प्राणवायू सरला, की ते रुजतात आणि विष सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांवर टर्नर यांनी हे १९३० साली मांडलं. कातडी सोलली की आतून काळीशार, म्हणून नाव 'ब्लॅक डिसीज'. काळजावर पिवळट डाग, भोवती लाल कडा, हृदयाच्या पिशवीत पाणी.

हे मला पाठ होतं, तरी पांझरेकाठी मी चुकलो. एका ठेलारी मेंढपाळाच्या नऊ मेंढ्या पडल्या होत्या. पाऊस, तीन गावं बाकी, अंधार होत आलेला. मी पोट न फाडता 'आंत्रविषार', म्हणजे आतड्यातली विषबाधा, लिहून निघालो. पुढच्या आठवड्यात आणखी चौदा गेल्या. त्या कशाने मेल्या हे मला आज कुणी विचारलं तर उत्तर नाही. त्या दिवशी वेळ नव्हता हे खरंच, पण काळीज उघडायला लागतो किती वेळ? त्यानंतर मी एकही मेंढी न उघडता सोडली नाही. सोबतचे वैतागायचे. वैतागू देत.

मात्र नाकातोंडातून रक्त असेल तर सुरी लावू नकोस. आधी कानाच्या रक्ताची स्लाइड, काळपुळी (अँथ्रॅक्स) नाही हे बघ. आणि जनावर ताजं हवं. मेल्यावर हे जिवाणू आपोआपही वाढतात, दुपारच्या कुजक्या काळजात ते दिसले म्हणून काही सिद्ध होत नाही. फोन आला की निघ, चहा नंतर.

डाग दिसले तर काठाचा तुकडा प्रयोगशाळेला पाठव. ऑक्सिक्लोझानाइड पाजून समाधान मानू नकोस, ते मोठ्या फ्लूकवरच चालतं. लहानांना ट्रायक्लाबेंडाझोल लागतं. आणि त्या दादाला सांग, फ्लूक पसरवणाऱ्या गोगलगायींची डबकी आटेपर्यंत कळप नदीकाठी उतरवू नको, वरच्या माळावर ठेव. तो कुरकुर करेल. पहिलं काळीज त्याच्यासमोरच उघड.

तुझा,
काका